गुरुजींच्या वाटेवरचा डोझर

वेळूवाडीत त्या आठवड्यात दोनच विषय होते. त्र्यंबक गुरुजी कधी जाणार आणि डोझर कधी चालणार. गुरुजींना डॉक्टरांनी दोन दिवस दिले होते, त्याला अकरा दिवस झाले. डोझरनं चार दिवसांत काम उरकायचं होतं, त्याला नऊ झाले. गावाच्या स्मशानाकडं जाणारी एकुलती वाट पावसाळ्यात दरड कोसळून बुजली होती, आणि तो ढिगारा ढकलायला आणलेला डोझर ढिगाऱ्यातच फतकल मारून बसला होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला ओढ्याची घळ. उद्या गुरुजी गेलेच तर त्यांना न्यायचं कुठनं, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या बैठकीत रीतसर चर्चेला आला.

"डोझरवरनं पास करू की," एक सदस्य म्हणाला. "ह्या बाजूनं दोघांनी चढवायचं, त्या बाजूला दोघांनी धरायचं. हाय काय त्यात?"

ही सूचना गुरुजींच्या कानावर गेली. चौऱ्याण्णव वर्षांचा माणूस, अंथरुणावर पडून. पण त्यांनी त्या सदस्याला घरी बोलावलं, समोर बसवलं आणि 'अंत्यसंस्कार' हा शब्द पाच वेळा शुद्ध लिहायला लावला. अर्ध्या गावानं त्यांच्या हातचा मार खाल्ला होता. सदस्यानं गुमान लिहिला.

शेवटी सरपंच हंबीररावांनी डोझरच्या मालकिणीला फोन लावला, मालकिणीनं मिस्त्रीला लावला, आणि नवव्या दिवशी सकाळी चमन मिस्त्री मोटरसायकलला पान्यांची पिशवी बांधून कोल्हापुरातनं गावात उतरला.

उद्यमनगरात चमनचं पत्र्याचं शेड होतं. वय बासष्ट. चाळीस वर्षं चेनवरच्या मशिनींखाली लोळण्यात गेलेली. त्याच्या दोन गोष्टी जिल्ह्यात प्रसिद्ध होत्या, कान आणि तोंड. कान असा, की लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगायचं. तोंड असं, की ते सांगून झाल्यावरही बंद व्हायचं नाही.

"कुठाय माझी राणी?" त्यानं लांबूनच आरोळी ठोकली. "बघा, बघा! चाळीस वर्षांची म्हातारी, पर नवरीवानी दिसत्या का न्हाय?"

दिसत होती खरी. दसऱ्याआधी डोझर त्याच्याच शेडमध्ये दुरुस्तीला होता आणि पूजेला शोभावा म्हणून चमननं आपल्या हातानं, आपल्या खर्चानं, त्याला हळदीसारखा पिवळाधमक रंग मारला होता. पुढचा माती ढकलायचा पाटा पिवळा, टाकी पिवळी, सायलेन्सरसुद्धा पिवळा. त्या रंगाचे फोटो तो भेटेल त्याला मोबाइलवर दाखवायचा.

डोझर चालवणारा आरिफ कुरुंदवाडचा. अडतिशीचा, मोजकं बोलणारा. बारा वर्षं ह्याच सीटवर बसलेला. त्यानं दुखणं सांगितलं. "चाचा, झोकात चालू हुतंय. पाऊण तास काम करतंय. मग धाप लागल्यागत करतंय, आवाज बसतोय आणि बंद. परत चालू करायचं म्हंजे डिझेलच्या नळीतली एअर काढा, पंप मारा, तासभर जातोय. ब्याटरी पण मान टाकाय लागली."

"फिल्टर," चमन म्हणाला. आरिफचं वाक्य अजून पुरतं संपलं नव्हतं.

टाकीचं झाकण उघडून आत काठी घालायची आणि डिझेल किती आहे ते बघायचं, ही त्याची सवयीची पहिली पायरी. ते करताकरता तो जमलेल्या लोकांना गगनबावड्याच्या घाटात एकदा दरडीवर डोझर कसा चढवला होता ते सांगत होता. मग त्यानं दोन्ही फिल्टर बदलले, एअर काढली आणि आरिफला खूण केली. इंजिन एका दमात सुरू झालं. पिवळ्या सायलेन्सरमधनं काळा धूर निघाला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"चहा सांगा," चमन म्हणाला.

चहा झाला, भजी झाली, आणि पाऊण तासानं डोझर बंद पडला.

"पंप," चमन म्हणाला.

पुन्हा झाकण, पुन्हा काठी, पुन्हा गोष्ट. ह्या वेळी कुठल्याशा साहेबानं त्याला विमानाचं इंजिन दाखवायला नेलं होतं ती. मग त्यानं डिझेलचा पंप खोलून पिशवीत घातला आणि मोटरसायकलवरनं कोल्हापूर गाठलं. पंपवाल्यानं तो मशीनवर चढवून बघितला आणि "ह्याला काय झालंय? माझ्यापेक्षा ठणठणीत हाय," म्हणून परत दिला. पण चमननं ते गावात सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पंप जोडला, इंजिन लगेच सुरू झालं, आणि तो छाती काढून म्हणाला, "पंपच हुता."

पाऊण तासानं पंपासकट डोझर बंद.

आता सरपंच हंबीरराव जवळ आले. मोठा माणूस, पण घाबरलेला. "मिस्त्री, हे लवकर उरकंल असं बघा. गुरुजी रोज इचारतात, 'माझा रस्ता झाला का?' मी म्हणतो, 'हुतोय.' ते म्हणतात, 'हुतोय नाही, होतोय म्हण.' मरायच्या आधी मला एकदा नापास करूनच जाणार बघा तो माणूस."

चमनला लोकांच्या नजरा बोचायला लागल्या. काल टाळ्या वाजवणारी पोरं आज आपसात "पाऊण तास, पाऊण तास" म्हणून हसत होती. चहाच्या टपरीवर वीसेक माणसं बसली होती. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. आणि कोंडीत सापडला की माणूस जे करतो तेच त्यानं केलं, दुसऱ्यावर ढकललं.

"मशीन न्हाय खराब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "टाकीत डिझेलच ऱ्हात न्हाय. मी काठी घालतोय न्हवं रोज? तासाला एवढं पीत न्हाय ही. कोन पितंय मग? चालवणाराच की!"

आरिफनं हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. खिशातली डोझरची किल्ली काढून त्यानं बाकावर ठेवली आणि ओढ्याकडं चालू लागला. त्याची पाठ बघून चमनला क्षणभर वाटलं, जीभ जरा जास्तच सुटली. पण बोललेला शब्द गिळायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं मालकीण आली. चिमणाबाई. नाव चिमणी, पण आवाज ऐकला की बैल बाजूला व्हायचे. नवऱ्यानं लिलावात घेतलेला हा डोझर नवऱ्यामागं तिनंच चालता ठेवला होता. ती डोंगराच्या अंगानं चढून आली, बाकावरची किल्ली उचलली आणि ओढ्याकाठी बसलेल्या आरिफला हाक मारली.

"आरिफ, वर ये. मिस्त्री, तू हिकडं ये. चोरी झाल्या म्हणतोस? मग आपण बघूया की. माझ्यासमोर टाकी गळ्यापत्तोर भरा. झाकणाला तुझ्या हातानं तार बांध. मग चालवू दे त्याला."

"मावशी, मी न्हाय बसणार," आरिफ म्हणाला.

"तुला चोर ठरवायला न्हाय बशिवत. ह्याला खोटा ठरवायला बशिवत्या. चढ वर."

टाकी काठोकाठ भरली. चमननं झाकणावरनं आडवी-उभी तार आवळली, पिळली, वर एक गाठ मारली. अख्खं गाव बघत होतं. आरिफनं इंजिन सुरू केलं, पाटा उचलला आणि ढिगाऱ्यात घातला. सगळे मोबाइलमधलं घड्याळ बघत राहिले.

पाऊण तास नाहीच. पंधरा मिनिटांत डोझरला धाप लागली, तो दोनदा खोकला आणि बंद पडला.

चमन बघतच राहिला. टाकी भरलेली. तार जशीच्या तशी. चोरी नाही, फिल्टर नाही, पंप नाही, आणि दुखणं तर वाढलेलं. त्याचं डोकं इतकं रिकामं कधीच झालं नव्हतं. तरी तोंड उघडलंच. "ह्याचा अर्थ असा हाय की—"

तेवढ्यात गावाच्या अंगानं हंबीरराव पळत आले. टोपी हातात. "गुरुजी गेलं!"

बायकांनी पदर तोंडाला लावला. पुरुषांनी टोप्या काढल्या. कुणीतरी जाऊन पिठाची गिरण बंद केली. देवळातल्या स्पीकरवरचं गाणं तोडलं. ओढ्यापलीकडं चालू असलेला ट्रॅक्टरही थांबला. आणि चमन मिस्त्री, ज्याला आजवर कुणी गप्प करू शकलं नव्हतं, अर्धं वाक्य तोंडात धरून मान खाली घालून उभा राहिला. इतकी शांतता वेळूवाडीत कुणाला आठवत नव्हती.

आरिफ मात्र डोझरवरच होता. त्याच्या मनात गुरुजी नव्हते, त्याच्या मनात डिझेल होतं. मालकिणीला टाकी भरलेली दाखवायची आणि घरी जायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. त्यानं पकडीनं तार तोडली आणि झाकण फिरवलं.

फुस्सऽऽऽ.

कुकरची शिट्टी उलटी आत ओढल्यासारखा लांबलचक आवाज. सगळ्यांनी माना वर केल्या.

"कोन पादलं?" मागून एक म्हातारी हळूच म्हणाली.

चमननं झाकणाकडं बघितलं. त्याला कळलं. एका क्षणात सगळं कळलं. टाकीतनं डिझेल इंजिनात जातं, तेवढी हवा वरनं टाकीत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलं तर टाकी आतनं डिझेल धरून ठेवते, इंजिन उपाशी मरतं. टाकी भरलेली असेल तर आत हवा आधीच कमी, म्हणून आणखी लवकर. आणि आपण दर वेळी काठी घालायला झाकण उघडलं, टाकीत हवा गेली, इंजिन सुरू झालं, आणि आपल्याला वाटलं आपण दुरुस्त केलं. हा आवाज दर वेळी झाला असणार. आपण विमानाची गोष्ट सांगत होतो.

तो चेनीवर पाय देऊन वर चढला आणि आरिफच्या हातातनं झाकण घेतलं. झाकण पिवळंधमक. भोकाच्या जागी रंगाचा गुळगुळीत, चकचकीत थर.

"अक्का, पिन," तो म्हणाला.

चिमणाबाईनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. चमननं टोचलं. हळदीच्या टिकलीएवढी रंगाची खपली सुटली आणि पलीकडचं आभाळ दिसलं.

"कुणी बुजिवलं हुतं रं हे?" चिमणाबाईनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. रंगाचे फोटो तिनंही बघितले होते.

चमनला एक पळवाट दिसली. खपली गुपचूप टाकून द्यायची, 'घाण अडकली हुती' म्हणायचं आणि निघायचं. झाकण त्याच्याच हातात होतं, खपली त्याच्याच नखाखाली. त्यानं आरिफकडं बघितलं. आरिफ बघत नव्हता, किल्ली पुसत होता.

"म्या," चमन म्हणाला. "माझ्याच हातानं."

"हितं कुजबुजून काय उपेग न्हाय, चाचा," आरिफ म्हणाला. "काल कुठं बोल्लासा? टपरीवर. तिथं चला."

चमन गेला. मागोमाग सगळं गाव गेलं, कारण मयताला अजून वेळ होता. तो बाकाजवळ उभा राहिला. ह्या वेळी ढकलायला कुणी नव्हतं.

"ह्या पोरानं एक थेंब डिझेल चोरलं न्हाय," तो म्हणाला. "रंगाच्या हौसंपायी झाकणाचं भोक म्याच बुजिवलं. तीन दिस कळलं न्हाय, आणि नाव ह्याचं घेतलं. चुकलो." मग जरा थांबून, "लईच चुकलो," म्हणाला.

एकदोघं हसली. चिमणाबाईनं नुसतं बघितलं, तशी त्यांनी माना खाली घातल्या. आरिफनं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, पण डोझरकडं वळला.

तेवढ्यात गुरुजींची सून माई धावत आली. तिच्या चेहऱ्यावर हसावं का रडावं ते तिलाच कळत नव्हतं. "जित्ते हायत! डोळे मिटून, श्वास धरून पडले हुते. कोण काय बोलतंय ते ऐकत हुते म्हणं. पाव्हण्यांनी दारातल्या फळ्यावर 'दुखःद निधन' लिहिलं आणि मोठ्यांदा वाचून दाखवलं, तवा उठून बसले. विसर्ग 'दु' आणि 'ख'च्या मधी पायजे म्हणाले!"

हंबीररावांनी टोपी परत घातली आणि तिथंच बाकावर बसून घेतलं.

दुपारपासनं डोझर सुरू झाला आणि थांबलाच नाही. अडीच दिवसांत ढिगारा घळीत गेला. दगड निघाले, मुरूम पसरला, चौघं खांदेकरी शेजारी शेजारी चालतील एवढी वाट झाली. चमनला जायला हरकत नव्हती, पण तो राहिला. चेनीचे रोलर ग्रीस केले, सैल नट आवळले, आरिफनं सांगितलं ते सगळं केलं. जेवायला दोघं एकाच झाडाखाली बसायचे. पहिल्या दिवशी आरिफ पाठ करून बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं भाकरीतला चतकोर पुढं सरकवला.

गुरुजी त्यानंतर संक्रांतीपर्यंत राहिले आणि झोपेत गेले. त्या वेळी मात्र फळ्यावर काय लिहावं ह्यावर सरपंचांनी दोन तास काढले.

वाट झाल्यावर तिसऱ्या दिवशी ट्रेलर आला. जोतिबाच्या पायथ्याला कुणाचं तरी मैदान करायचं होतं. आरिफनं डोझर फळ्यांवरनं चढवायला घेतला. चमन पुढं उभा राहून दोन्ही हातांनी डावीकडं, उजवीकडं, हळू, थांब अशा खुणा करायला लागला.

"चाचा," आरिफ वरनं ओरडला, "बाजूला व्हा की! तुमच्यामुळं फळी दिसंना मला!"

चमन बाजूला झाला. डोझर नीट चढला, साखळदंड आवळले, ट्रेलर कोल्हापूरच्या रस्त्याला लागला. चमन मोटरसायकलवर मागं. फाट्यावर ट्रेलर थांबला तेव्हा आरिफनं केबिनमधनं हात बाहेर काढून टपरीकडं बोट केलं.

"दोन कट चहा," चमननं गाडी स्टँडवर लावतालावता टपरीवाल्याला सांगितलं, "एक बिनसाखरेचा, आरिफला." आणि आरिफ उतरून येईपर्यंत बाकावरची धूळ त्यानं आपल्या रुमालानं पुसून ठेवली.