श्रावणात न शिजलेला सरस

शेवंताबाई बोलल्या की खुंटीवरची गिटार कण्हायची. दुसरं कुणी बोललं तर नाही. गाझियाबादच्या त्या दोन खोल्यांत टीव्ही बोंबलायचा, खालून भाजीवाला गळा काढायचा, गिटार ढिम्म. पण शेवंताबाईंनी खिडकीतून, "भैया, ये भिंडी है के सुतली?" असं ठणकावलं की मागून ‘ऊंऽऽ’ यायचं. हिंमतराव शेवटच्या महिन्यात कूस वळताना कण्हायचे, थेट तसं.

हिंमतराव म्हणजे त्यांचे मालक. पलटणीच्या वर्कशॉपात सुतार होते. एका साहेबाची मोडकी गिटार जोडून दिली आणि माणूस त्या नादाला लागला तो लागलाच. पेन्शनीत निघाल्यावर गॅलरीत बसून सव्वीस गिटारी केल्या. ही सत्ताविसावी. हिच्यानंतर गॅलरी रिकामी झाली, त्याला दोन वर्षं होत आली.

"भूतबीत काही नाही गं आजी," वृंदा म्हणाली. ही नात, आजोबांच्या हाताखाली रंधा धरायला शिकलेली. "वरची फळी पापडासारखी पातळ असते. तारा तिला ओढतात, म्हणून आतून फुलीसारख्या पट्ट्या चिकटवतात. त्यातली एक सुटलीय. तुझा आवाज लागला की ती थरथरते. आणि मान बघ, पुढे झुकलीय. सांधा उकलून परत बसवायला पाहिजे, नाहीतर दिवाळीपर्यंत फळी फुटेल."

"फुटू दे. तुझ्या हुंड्यात थोडीच द्यायचीय मला ती!"

‘ऊंऽऽ’, गिटार म्हणाली.

पट्टी चिकटवली की हे कण्हणंही जाणार, एवढं शेवंताबाईंना कळत होतं. आणि त्या सांध्यात काय आहे, तेही ठाऊक होतं.

वृंदाने तारा काढून गिटारीच्या पोटात आरसा आणि छोटा बल्ब सोडला. मग थांबली. "पट्टीवर पेन्सिलीने लिहिलंय. आजोबांचंच अक्षर. ‘श्रावण. चूल मिळाली नाही. पांढरा गोंद लावला. पुन्हा उघडावी लागेल.’ चूल मिळाली नाही म्हणजे काय, आजी?"

शेवंताबाई हळूच खाटेवर टेकल्या.

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा गोंद. हिंमतराव तो स्वयंपाकघरातच, गरम पाण्यात वाडगं ठेवून पातळ करायचे. अकरा महिने शेवंताबाईंनी नाक दाबून सोसलं, पण श्रावणात नाही. "श्रावणात ह्या घरात अंडं येत नाही, आणि तुम्ही कातडं शिजवता? महिना थांबा. गिटार काय पळून जातीय?" ते एकदाच म्हणाले होते, "अगं, महिना माझ्याकडे आहे का?" शेवंताबाईंना वाटलं, नाटकं. मग त्यांनी बाजारचा पांढरा गोंद आणला. दिल्लीकडच्या उन्हात तो ढिला पडतो, हे त्यांनीच कितीदा सांगितलेलं. गणपतीच्या आधी गेले.

"कुकर काढ," शेवंताबाई म्हणाल्या.

वृंदाने पाणी घालून कुकर चढवला, शिट्टीच्या जागी रबरी नळी बसवली, आणि मानेच्या बुडाशी, पडद्याच्या आडव्या धातूपट्टीखाली बारीक भोक पाडून वाफ आत सोडली. शेवंताबाईंनी नळी फडक्याने धरून ठेवली. बराच वेळ काही झालं नाही. मग लाकडातून लांब सुस्कारा आला आणि मान हातात आली. खाली रुंद, वर निमुळती अशी लाकडाची जीभ, आणि तिच्यावर साय धरावी तसा पांढरा गोंद. वृंदाने तो खरवडला. पट्टीवरचाही काढला, अक्षरं सोडून.

"आता सरस. आजोबांच्या ट्रंकेत असेल."

"आणलाय." शेवंताबाईंनी आपलं दुधाचं पातेलं गॅसवर ठेवलं.

"आजी, आज श्रावणी सोमवार. तुझा उपास."

"मला वार शिकवू नकोस. आणि गॅस मोठा करू नकोस, उकळला की त्याची पकड जाते."

घरभर तो वास पसरला. शेवंताबाईंनी नाकाला पदर लावला नाही. ढवळत राहिल्या.

बुधवारी वृंदाने तारा चढवल्या, गिटार खुंटीला लावली. "बोल आता काहीतरी."

शेवंताबाईंना शिवी सुचेना. "हिंमतराव," त्या म्हणाल्या. उखाणा सोडून हे नाव आजवर त्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं.

खुंटीवरून काही आलं नाही. त्यांनी परत म्हणून पाहिलं, जरा मोठ्याने. मग थांबल्या, बहिऱ्या माणसाला वेळ द्यावा तशा.

खालून भाजीवाल्याची हाक आली. शेवंताबाई खिडकीशी गेल्या, टोपली दोरीने खाली सोडली आणि म्हणाल्या, "भैया, आधा किलो भिंडी डाल दो."

भाजीवाल्याने हातातली भिंडी तशीच धरून वर पाहिलं. "माताजी, तबीयत तो ठीक है?"