हिमनगाचा आवाज पकडला तो मी

मी नीळकंठ आजोबांच्या डाव्या कानामागून बोलतोय. शेंगदाण्याएवढा माझा जीव. लोक मला श्रवणयंत्र म्हणतात. आजोबा मात्र बरेच दिवस 'ती भानगड' म्हणायचे.

रॉटरडॅमच्या एका दुकानात मला त्यांच्या कानामागे बसवलं. त्यांची मुलगी चित्रा हळूच म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय?"

आजोबा दचकले. "ओरडतेस कशाला?"

कराडच्या एसटी डेपोत त्यांनी एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढली होती. बस फाटकातून आत येतानाच नुसत्या आवाजावरून ते तिचं दुखणं सांगायचे. अशा कानाला मदतनीस! त्यांना तो अपमान वाटला. त्यात मी सगळंच ऐकवतो. नळाची धार, ताटांचा खणखणाट, वळणावर किंचाळणारी ट्राम. आठव्या दिवशी माझी रवानगी रॉटरडॅमशेजारच्या कापेल गावी, चित्राच्या घरातल्या मोज्यांच्या खणात झाली. तिथे पाच महिने गेले.

बाहेर काय चाललंय ते कानावर यायचंच. नऊ वर्षांची नात गुंजन शाळेतून आली की आजोबांना काहीतरी सांगायची, निम्मं डच, निम्मं मराठी. आजोबा "काय? काय म्हणालीस?" करत राहायचे. दोनदा सांगून ती कंटाळायची आणि म्हणायची, "लात मार, आजोबा."

पहिल्यांदा आजोबा भडकले. चित्राने समजावलं, "बाबा, डचमध्ये त्याचा अर्थ 'जाऊ दे' असा होतो."

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "लाथ परवडली असती गं."

हळूहळू गुंजनने सांगणंच सोडलं.

मग मेच्या सुट्टीत चित्राने तिघांची आइसलँडची तिकिटं काढली. तिथे हिमनदीच्या पायथ्याशी समुद्राला जोडलेलं एक सरोवर आहे, त्यात हिमनग तरंगतात आणि बोटीतून त्यांच्याजवळ जाता येतं. "पण बोटीवर सूचना ऐकाव्या लागतात. यंत्र नाही, तर बोट नाही," तिने बजावलं. आजोबांनी चडफडत खण उघडला. मी इतका आनंदलो की सुरू होताना नेहमीपेक्षा जोरातच वाजलो!

ते सरोवर! मला डोळे नाहीत, पण काय काय ऐकलं म्हणून सांगू! बोटीच्या अंगाला घासणारा बर्फ, पक्ष्यांचा कलकलाट, आणि सगळ्यांच्या वर गुंजन. "आजोबा, बघ ना, केवढा निळा! आणि तो काळ्या पट्ट्यांचा, झेब्रा!"

बोटीवरच्या गाइडबाईंनी पाण्यातून काचेसारखा बर्फाचा तुकडा उचलला आणि मुलांच्या हाती दिला. म्हणाल्या, यात शेकडो वर्षांपूर्वीची हवा अडकली आहे, बर्फ वितळला की ती फुटून बाहेर येते. गुंजनने तुकडा आजोबांच्या कानाशी, अगदी माझ्याजवळ धरला. चट्. टिक्. चट् चट्. माझ्या अंगावर काटा यायचा तेवढा बाकी होता.

"ऐकू येतंय?" ती कुजबुजली. आजोबांशी तिने कुजबुजून बोलण्याची ही पहिलीच वेळ.

"येतंय की. मोहरी तडतडतेय."

दोघं इतकी हसली की गाइडबाईही हसल्या.

बोट किनाऱ्याला लागली. गुंजन पाण्याच्या कडेला वाकून बर्फ वेचू लागली. दुसऱ्या बाजूला कुणालातरी सील दिसला आणि सगळे कॅमेरे तिकडे वळले. तेवढ्यात मी एक आवाज पकडला. खोलवरून आलेला, कण्हल्यासारखा. कर्र्र्. मग शांतता. मला तो काही कळला नाही. आजोबांना कळला.

"हे मोडतंय," ते पुटपुटले, आणि धावले. "गुंजन, मागे ये! मागे व्हा सगळे!"

त्यांनी तिच्या जॅकेटची टोपी धरून तिला मागे ओढलं. पाठोपाठ घराएवढा हिमनग गडगडत उलटला. लाट किनाऱ्यावर चढली. गुंजन वाकली होती त्या जागी गुडघाभर पाणी झालं. लाटेच्या धक्क्याने आजोबा दगडगोट्यांवर आडवे झाले, मीही नखशिखांत भिजलो. चित्रा धावत आली. गुंजन ओरडून सगळ्यांना सांगत होती, डचमध्ये, इंग्रजीत, मराठीत, "आजोबांनी ऐकलं! सगळ्यांच्या आधी!"

"मी एकट्याने नाही," आजोबा म्हणाले आणि कानामागे हात नेऊन मला चाचपलं.

त्या खाऱ्या पाण्याने माझं पोट बिघडलं. हल्ली माझ्यातून बारीक खरखर येते. दुकानातल्या बाई म्हणाल्या, फार दिवस चालणार नाही, नवं मागवा. मला वाईट वाटत नाही. तुमच्या घरी माझं कुणी भावंड खणात पडलं असेल, तर एवढंच सांगतो, त्याला बाहेर काढा. आणि तुम्ही सांगणारे असाल, तर तिसऱ्यांदाही सांगा.

गुंजनच्या बाईंनी आजोबांना वर्गात बोलावलंय, हिमनगाची गोष्ट सांगायला. आजोबा मराठीत बोलतील, गुंजन डचमध्ये सांगेल. मुलं प्रश्न विचारतील, ते ऐकू यायला हवेत. कार्यक्रम मंगळवारी आहे आणि नवं यंत्र येतंय शुक्रवारी.

म्हणजे मंगळवारी कानामागे मीच!