आवश्यक रकाना

सोमवारी सकाळी सव्वानऊला झ्वेझ्दानचा फोन आला. रुग्णांना खेड्यांतून इस्पितळात आणणारी गाडी तो चालवतो. एरवी फोनवर ओरडून बोलणारा माणूस, पण आज आवाज अगदी खाली.

"बोर्याना, स्तामेनाआजीची माती कधी आहे? निदान फुलं तरी नेतो म्हणतो."

"कोण स्तामेनाआजी?"

"अगं, गोर्ना क्रुशाची! माझ्याच गाडीत असते. आज टॅब्लेटवर नाव नव्हतं. डायलिसिसच्या यादीतून नाव गेलं की काय समजायचं ते आम्ही समजतो. तिच्या फाट्यावर छातीवर क्रूसाची खूण केली आणि तसाच पुढे आलो."

मी घाईघाईने इस्पितळाच्या नोंदी उघडल्या. आजी जिवंत होत्या. त्यांचं नाव पहाटे पाचलाच आमच्याकडे आलेलं होतं. ते गळालं होतं आमच्याकडून.

आमची कंपनी सर्बियातल्या निश शहरातली, जेमतेम अकरा माणसांची. जिल्ह्यातल्या रुग्णांच्या याद्या आम्ही चालवतो. एकीकडे इस्पितळाचा सर्व्हर, दुसरीकडे ड्रायव्हरच्या हातातला टॅब्लेट. दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं ते एका फाईलीत लिहायचं: नाव, गाव, वेळ, फोन. कुठला रकाना आवश्यक, कुठला नसला तरी चालेल, तेही तिथेच. मग बटण दाबलं की दोन्ही बाजूंचा कोड आपोआप तयार. ही पद्धत मे महिन्यात मी आणली. त्याआधी तो सगळा कोड वेलिझार हाताने लिहायचा. बासष्ट वर्षांचा माणूस, ऑफिसात सगळे त्याला चिका म्हणतात, म्हणजे काका. तयार कोडाच्या प्रत्येक फाईलीवर पहिलीच ओळ असते, 'हाताने बदल करू नका.' तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. जो हात लावेल त्याला घरी पाठवीन, असं मी भर मीटिंगमध्ये बजावलं होतं. मी मुळातच फटकळ, त्यात नियम माझा.

"चिका, जरा इकडे ये," मी हाक मारली.

तो चष्मा कपाळावर सरकवत आला. मी झाला प्रकार सांगितला तसा त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"शुक्रवारी नवा कोड काढलास?"

"हो, दुपारी. सगळ्या टॅब्लेटवर पाठवलाही."

"अगं, शुक्रवारी मी सुट्टीवर होतो! माझी स्लावा होती!"

ते का मला माहीत नव्हतं? त्याच्या घराण्याच्या संताचा, अरांजेलचा दिवस. शुक्रवारच्या उपासामुळे मांस नव्हतं, तर त्याच्या बायकोने भाजलेला मासा मी संध्याकाळी दोनदा मागून घेतला होता. स्लावेच्या पानावर कामाचं बोलायचं नसतं, म्हणून नव्या कोडाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

"त्याचा इथे काय संबंध?"

"तू दर वेळी कोड काढतेस, तेव्हा माझ्या सहा ओळी पुसल्या जातात. मग मी त्या परत घालतो." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "फोन नसला तरी माणूस टाकून देऊ नको, एवढंच लिहिलंय त्यात."

"हाताने? मेपासून? सहा महिने माझ्या डोळ्यांत धूळ फेकलीस?"

"फेकली."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं की, बाईसाहेब. मेमध्येच. चाचणीत या आजीचं नाव गळालं तेव्हा. तू म्हणालीस, आजच्या काळात फोन नसलेला माणूस मला आणून दाखव."

म्हणाले होते. वर हसलेही होते. फोनचा रकाना 'आवश्यक' मीच केला होता. यंत्राने मी सांगितलं तसंच केलं: फोन नाही म्हणजे नोंद चुकीची, ती बाजूला टाकायची आणि कुणी कधी न उघडणाऱ्या लॉगमध्ये एक ओळ लिहायची. मला वेलिझारवर ओरडायचं होतं, पण कुठल्या तोंडाने ओरडणार?

शुक्रवार ते सोमवार हे डायलिसिसवाल्यांचं सगळ्यांत लांब अंतर. आज मशीन मिळालं नाही तर आजींचं काय होईल ते सांगायला डॉक्टर नको. फोन करून चौकशी करावी, तर त्यासाठी आजींकडे फोन हवा. झ्वेझ्दान जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होता.

"गाडी काढ," मी म्हटलं. वेलिझारने आधीच किल्ली हातात घेतली होती.

गोर्ना क्रुशाला पोचायला पाऊण तास लागला. आजी फाटकाशी स्टुलावर बसल्या होत्या, अंगात कोट, मांडीवर पिशवी, पाय सुजून चपलेबाहेर आलेले. आम्हाला पाहून उठायची धडपड करत त्यांनी पहिला प्रश्न केला,

"झ्वेझ्दानला काय झालं? खरं सांग पोरी."

"काही नाही आजी, तो बरा आहे."

"गाडी आली नाही म्हटल्यावर मला वाटलं, घाटात गेला पोरगा. सकाळपासून त्याच्यासाठी मेणबत्ती लावलीय."

आम्ही त्यांना गाडीकडे नेऊ लागलो, तर त्या ऐकेनात. पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाला तोंड गोड केल्याशिवाय कसं पाठवू? भिंत धरत धरत आत गेल्या आणि बशीत चमचाभर आलुबुखाराचा मुरंबा नि पाण्याचा पेला घेऊन आल्या. मी पाणी पीत होते आणि त्या पेल्याकडे बघत होत्या. त्यांना दिवसाला दोन पेले पाण्याचीच परवानगी.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुमच्याकडे फोन नाही, तर तुमचं नाव यादीत घेऊ नको, असं मी मशीनला सांगून ठेवलं होतं."

"का गं?"

वेलिझार म्हणाला, "नवीन आहे हो ती अजून, आजी." माझी नोकरी नऊ वर्षांची. तरी मी मान डोलावली.

सव्वाबाराला आजी मशीनला लागल्या. नर्सने रक्ताचा आकडा पाहून आमच्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर गेल्या असत्या," ती म्हणाली. मग बाहेर बाकावर वेलिझारने लॅपटॉप उघडला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"तुझी फाईल आहे. तूच कर."

फोनच्या रकान्यासमोरचं 'आवश्यक' मी खोडलं, बटण दाबलं. दोन्ही बाजूंचा कोड अर्ध्या मिनिटात नव्याने तयार झाला. झ्वेझ्दानच्या यादीत आठाची नऊ नावं झाली. वेलिझारच्या सहा ओळींची आता गरज नव्हती, आणि ते मी त्याला मोठ्याने सांगितलं.

"सुटलो," तो म्हणाला.

सहज म्हणून मी घरोघरी जाणाऱ्या नर्सेसची यादी उघडली. तीही याच फाईलीतून निघते. सकाळी तिच्यात एकशेबारा नावं होती. आता एकशेएकतीस दिसत होती.

"चिका, इथेही तू ओळी घालायचास ना?"

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाकून पाहिलं.

"नाही गं. मला फक्त ही आजीच माहीत होती."

एकोणीस माणसं. मे महिन्यापासून त्यांच्या दारात नर्स गेलेली नव्हती, आणि आमच्याकडे एकाचीही तक्रार नव्हती. तक्रार करायची सोय आम्ही ठेवली होती, फोनवर.

वेलिझारने खिशातून पेन काढलं, इस्पितळाचा एक पाठकोरा कागद गुडघ्यावर घेतला. मी नावं वाचू लागले. चौथ्या नावापुढे जन्मसाल एकोणीसशे चौतीस होतं, आणि तिथे मला रडू फुटलं.

"रड नंतर," तो म्हणाला. "आधी गाव सांग."