कॅप्टनसाहेबांच्या डोळ्यांचं माप

मी चष्मा बोलतोय. नंबरचा नाही, उन्हाचाही नाही. माझ्या कडेला दोन इवलेसे कॅमेरे आहेत आणि ते बाहेर बघतच नाहीत. ते बघतात मला लावणाऱ्याच्या डोळ्यांत.

विमान चालवायला शिकणारी मुलं मला लावून सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली विमानात बसतात. डोक्यावर भार वाढला की डोळ्यातली बाहुली मोठी होते, पापणी लवायची विसरते, नजर समोरच्या घड्याळांपैकी, म्हणजे वेग-उंची दाखवणाऱ्या तबकड्यांपैकी, एकीलाच चिकटून बसते. हे सगळं मोजून मी भाराचे आकडे देतो; भार झेपेनासा झाला की आकडा लाल. तोंडाने कुणीही "मी ठीक आहे, सर" म्हणेल. बाहुलीला थापा मारता येत नाहीत. याचा मला केवढा तोरा होता! आता लाज वाटते.

माझी अट एकच. आधी प्रत्येकाने दोन मिनिटं करड्या भिंतीकडे शांत बघायचं, म्हणजे त्याची बाहुली मुळात केवढी ते मला कळतं. पण शिकवणाऱ्या कॅप्टनसाहेबांना ती दोन मिनिटं जड जायची. सकाळी ते स्वतःच मला लावायचे, पन्नाशीतल्या आपल्या बारीक बाहुल्या मोजायचे आणि दिवसभर अख्ख्या वर्गाला त्याच मापाने जोखायचे.

वर्गात एक मुलगी होती. चणीने लहान, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. बाहुल्या मात्र जन्मापासूनच मोठ्या. दोनदा माझा आकडा लाल आला होता. तिसऱ्यांदा आला की घरी.

"सर, आधी माझं भिंतीचं माप घ्याल का?" तिने विचारलं.

"उडायला आलीस की भिंत बघायला? बस मुकाट्याने."

त्या दिवशी नकली आडव्या वाऱ्यात तिने विमान अगदी नीट उतरवलं. नजर सगळ्या घड्याळांवरून फिरत होती, पापण्या वेळच्या वेळी लवत होत्या. मी ते सगळं नोंदवलं. साहेबांनी पाहिला फक्त बाहुलीचा आकडा. लाल. नापास.

यंत्रं सांभाळणाऱ्या ताईंना शंका आली. त्यांनी बारकीला मला लावून भिंतीसमोर बसवलं आणि साहेबांना बोलावून आणलं.

"बघा साहेब, पोरगी नुसती खुर्चीत बसलीय, तरी लाल. तुमचं माप तिला कसं चालेल?"

साहेबांचा चेहरा पडला. क्षणभरच. "म्हणजे चष्माच बिघडलाय. टाका कपाटात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत नि मस्तकही नाही, तरी गेली! आळस ह्यांचा आणि नाव माझं खराब?

पण खरा संताप पुढचा आहे. मला कपाटात टाकायच्या आधी, माझ्यासमोरच, एकाच टेबलावर, एकाच पेनाने साहेबांनी दोन कागदांवर सह्या केल्या. एकावर लिहिलं होतं, चष्मा नादुरुस्त, त्याचे आकडे धरू नयेत. दुसऱ्यावर, चष्म्याच्या आकड्यांनुसार ही विद्यार्थिनी उड्डाणास अपात्र. बारकी बॅग घेऊन गेली.

मी कपाटात पडून आहे. कपाट उघडणाऱ्या माणसा, मला भंगारात घाल, माझी तक्रार नाही. पण ते दोन कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून वाच, आणि त्या पोरीला परत बोलाव.