पाद्रिनोच्या हातातली वायर

दुरुस्तीवाल्या ग्रोवरने बजावलं होतं, "मी येईपर्यंत नेटची वायर लावायची नाही. देव दारात आला तरी नाही." सुल्मा हसली होती. देव कशाला एवढा चढ चढून एल आल्तो शहरात येतोय! पण दुपारी दारात जो आला, त्याला परतवणं देवापेक्षा कठीण होतं. तिचा पाद्रिनो सेनोन आला होता. काखेत बियरचं खोकं, खिशांत रंगीत कागदाचे कपटे आणि मागे निम्मी गल्ली.

"कुठाय माझी लेक?" तो दारातूनच ओरडला.

लेक म्हणजे नवा कॉम्प्युटर. घरात मोठी वस्तू आली की तिला एक मानलेला बाप लागतो, पाद्रिनो. ट्रकला लागतो, घराच्या छपरालाही लागतो, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलंय? सेनोनने पैशांचा भार उचलला होता, आणि कॉम्प्युटरचा पडदा तर स्वतःच्या ट्रकमधून, शेजारच्या सीटवर घोंगडीत गुंडाळून आणला होता. आता चाय्याची पूजा करायचा मान त्याचाच. धरतीमातेला बियर पाजल्याशिवाय, कपटे उधळल्याशिवाय वस्तू घराची होत नाही, तिला कुणाची ना कुणाची नजर लागते. हे सुल्माही मानत होती. तिची अडचण निराळी होती.

त्या डब्याच्या पोटात तिच्या आईचे विणीचे नमुने होते. तेओदोरा जन्मभर अल्पाका या लामासारख्या जनावराच्या लोकरीचे स्वेटर विणत आली, त्यांवर पशुपक्षी काढत. नमुने कागदावर कधी नव्हतेच, सगळे डोक्यात. डोळे अधू व्हायला लागले तशी ती सुल्माच्या शेजारी बसून टाका न् टाका सांगत गेली आणि सुल्मा पडद्यावर चौकोनाशेजारी चौकोन रंगवत गेली. परदेशातल्या एका दुकानाला ते हवे होते, तेओदोराच्या नावानिशी. जुन्या मशीनला नेट जोडलं त्याच दिवशी बाहेरून काहीतरी आत शिरलं, मशीन पुन्हा पुन्हा बंद पडू लागलं आणि शेवटी निम्मे नमुने पुसून गेले. तेव्हा आईने ते आठवून आठवून पुन्हा सांगितले होते. ते मशीन शेवटी मोडीत गेलं आणि नमुन्यांची एकमेव प्रत या नव्यात होती. आता तिला स्वतःची बोटंही दिसत नव्हती आणि मधले मधले टाके डोक्यातून गळायला लागले होते. पुन्हा सांगणं काही होणार नव्हतं.

सकाळपासून सुल्माने एकेक दार लावून घेतलं होतं. लांबलचक पासवर्ड ठेवला, पाहुण्यांसाठी मोकळं असलेलं खातं बंद केलं. एक भोक तेवढं राहिलं होतं, नव्या मशीनबरोबर जन्मालाच येणारं. ते बुजवायची सीडी ग्रोवर त्याच्या दुरुस्तीच्या टपरीवरून आणणार होता, आणि नमुन्यांची प्रत काढायला एक कोरी सीडीही. पण वाटेत रास्ता रोको होता. एल आल्तोत रास्ता रोको नसलेला आठवडा कुणी दाखवावा!

"पाद्रिनो, चाय्या करा हो, पण वायर राहू द्या," ती म्हणाली. "ग्रोवर येऊन पॅच टाकणार आहे. सिक्युरिटीचा."

"कोऱ्या वस्तूला ठिगळ?" शेजारची फाउस्ता खिदळली. "ठकवलं गं बाई तुला दुकानदाराने!"

"तसं नाही मावशी. बाहेरून लोक शिरतात त्यात."

"शिरेनात का! घर आहे का तुरुंग?"

सगळे हसले. सेनोनही हसला, पण त्याने दोन्ही हात पँटला पुसले. "म्हणजे वायर मी लावायची नाही," तो म्हणाला.

"आत्ता नाही. नंतर."

"नंतर," तो म्हणाला, आणि त्याने बाटली उघडली.

त्याने खोलीच्या चारी कोपऱ्यांत बियर शिंपडली, टेबलाच्या पायांशी शिंपडली. सुल्माने झटकन आईची शाल कीबोर्डवर पांघरली. पडद्याच्या गळ्यात कागदी पताका पडल्या, प्रत्येकाच्या डोक्यावर कपटे पडले, ग्लास फिरू लागला. सुल्माचा एक डोळा दाराकडे आणि एक डोळा त्या निळ्या वायरीवर. वायर मोडेमशेजारी वेटोळं घालून पडली होती.

"सुल्मा, आपी उतू चाललंय गं!" आईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

मक्याच्या त्या पेजेचं पातेलं उतरवायला जाऊन यायला असा किती वेळ लागतो? ती निम्म्या वाटेवर होती तोच मागे टाळ्या वाजल्या. ती तशीच मागे धावली.

मोडेमचे हिरवे दिवे लुकलुकत होते. सेनोन दोन्ही हात वर करून उभा होता. "लागली! आपली लेक जगाला लागली!"

सुल्मा गर्दीतून टेबलापाशी पोचेपर्यंत पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकट उमटली. मशीन बंद होणार, काम असेल तर जपून ठेवा. खाली सेकंद उलटे मोजले जात होते. अगदी जुन्या मशीनवर यायची तशीच चौकट.

"हे काय मोजतंय?" फाउस्ताने विचारलं.

"हात काढा!" सुल्मा किंचाळली. "बाजूला व्हा! सांगितलं होतं ना तुम्हाला? काही अक्कल आहे की नाही?"

तिने सेनोनला खांद्याने ढकललं, निळी वायर उपटली, भिंतीतला प्लगही उपटला. पडदा काळा झाला.

पाद्रिनोला असं कुणी बोलत नाही. बापाला एक वेळ बोलतील. सेनोनने ग्लास हळूच टेबलावर ठेवला, हॅट उचलली आणि तो निघून गेला. त्याच्यामागून गल्लीही गेली.

"यंत्र वाचवायला माणूस घालवला," फाउस्ता उंबऱ्यातून बोलून गेली.

तेओदोरा भिंतीला हात लावत लावत आली. "शिरलं का गं?"

"शिरलं असेल."

"आणि माझे नमुने?"

"माहीत नाही, आई. आता चालू करून बघायचीही भीती वाटते."

आई खुर्चीवर बसली. तिची बोटं शालीवर टाके मोजल्यासारखी चालू लागली, मग थांबली. "लामाचे पाय आठवतात," ती म्हणाली. "मान नाही आठवत."

सुल्माला रडू फुटलं. सेनोनचा राग, स्वतःचा राग, सगळं त्या रडण्यात होतं.

ग्रोवर आला तो चालत, गुडघ्यांपर्यंत धुळीने माखून. सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "वायर बाहेर आहे ना? मग सरक." त्याने मशीन सुरू केलं. सुल्माने आईचा हात घट्ट धरला. चौकट आली नाही. ग्रोवरने सीडी घातली, आत शिरलेलं शोधून काढलं, पुसलं, भोक बुजवलं. मग सुल्मा एकेक नमुना उघडून मोठ्याने नाव घेऊ लागली. गिधाड. कोल्हा. पायऱ्या. किन्वाची कणसं. लामा. आई प्रत्येक नावाला मान हलवत होती. एकही गेला नव्हता.

"वायर आणखी थोडा वेळ लागून राहिली असती, तर मी काही सांगू शकलो नसतो," ग्रोवर म्हणाला. त्याने नमुन्यांची सीडी काढून तेओदोराच्या हातात दिली. तिने ती पोलक्यात खोचली. "लाव आता वायर," ग्रोवर सुल्माला म्हणाला.

सुल्माने वायर उचलली, गुंडाळली आणि ती घराबाहेर पडली.

सेनोन ट्रकखाली आडवा होता. फक्त बूट दिसत होते.

"पाद्रिनो, मी फार वाईट बोलले."

"बोललीस."

"घाटात उतरायच्या आधी ट्रकची चाय्या करता ना तुम्ही? आणि त्याच्याही आधी काय करता?"

"ब्रेक बघतो. गाढवसुद्धा सांगेल."

"ग्रोवर ब्रेक घेऊन येत होता."

पान्ह्याचा आवाज थांबला. मग सेनोन सरपटत बाहेर आला. "मग ब्रेक म्हणायचंस ना, पोरी! पॅच काय, सिक्युरिटी काय... मला वाटलं, माझ्या तेलकट हातांनी तुझी पांढरीशुभ्र वस्तू मळेल म्हणून नको म्हणतेस. म्हटलं, आपणच लावू, दाखवू हिला."

सुल्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने वायर पुढे केली. सेनोनने ती लगेच घेतली नाही. पिंपापाशी जाऊन तो कोपरापर्यंत साबण चोळत राहिला. "पुरे हो," ती म्हणाली, तरी चोळत राहिला.

घरात येऊन त्याने आधी ग्रोवरला विचारलं, "ब्रेक बघितलास?"

"बघितला."

"सुल्मा, तू?"

"बघितला."

"तेओदोरा?"

"माझ्याकडे स्टेपनीच आहे," आईने पोलक्यावर हात थोपटला.

तेव्हा कुठे त्याने वायर लावली. दिवे लुकलुकले. कुणीच दिव्यांकडे पाहिलं नाही, सगळे पडद्याच्या मधोमध बघत होते, मघाशी चौकट आली होती तिथे. ती आली नाही. तरी सेनोनने बियरला हात लावला नाही.

सुल्माने लामा निवडला आणि पाठवला. निळी पट्टी सावकाश भरत गेली, टोकाला पोचली.

"गेला?" आईने विचारलं.

"गेला, आई."

"मानेसकट?"

"मानेसकट," सुल्मा म्हणाली, आणि सेनोनने बाटली उघडून पहिली धार जमिनीवर सोडली.