काचांचा दोष

बायको कठड्यावरून वाकली तसा त्याने आधी तिच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि मग तिला धरलं. चष्मा समुद्रात पडला असता तर दुसरा करता आला असता, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं आणि स्वतःचाच राग आला. पण जन्मभर चष्मे केलेला माणूस. हात आधी तिकडेच गेला.

"अहो, सोडू नका मला."

"धरलंय गं."

पोटातलं सगळं पडून गेल्यावर त्याने तिला बाकावर बसवलं. बोटीवरच्या तिकीटवाल्याने बादली आणून ठेवली.

"मावशी, खाली बघू नका. लांब बघा, आभाळ टेकतं तिथे. चष्मा नवा दिसतोय? मग बोट लागणारच."

"चष्म्याचा काय संबंध?" चष्मेवाला फिस्कारला.

संबंध होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? गिऱ्हाइकांना तो स्वतःच समजावून सांगायचा. बोटीत कान सांगतात, आपण हलतोय. डोळे सांगतात, समोरचा बाक जागच्या जागी आहे. दोघांचं पटत नाही आणि भोगावं लागतं पोटाला. त्यात काचा नव्या असल्या की जमीन खोलगट दिसते, पायरी अंगावर येते. पण चार-आठ दिवसांत डोळे रुळतात. आणि हिचा नंबर त्याने स्वतः काढला होता, काचा स्वतः घासून बसवल्या होत्या.

"तो म्हणतोय ते खरंय," ती डोळे मिटूनच म्हणाली. "चष्म्यानंच झालं."

त्याला ते लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्या स्वभावाला पुष्कळ नावं ठेवली होती, कामाला कधी नाही.

खाडीपलीकडच्या धक्क्यावर मुलगी घ्यायला आली होती. दिवस भरत आलेले, चालताना एक हात कमरेवर. आईचा झोक गेलेला बघून ती घाबरली.

"आई, अगं काय झालं तुला?"

"बोट लागली गं. त्यात तुझ्या बाबांचा नवा चष्मा!"

मुलगी मोठ्याने हसली. तिच्या चेहऱ्यावरची भीती गेलेली बघून आईही हसली.

मुलीच्या घरी होते तोवर बायको बहुतेक खुर्चीतच बसून राहिली. उठली तर भिंतीच्या कडेकडेने चालायची. कप कलंडला की "मेला हा चष्मा" म्हणायची. चष्मेवाला बिचारा गुपचूप काड्या वाकवून बघायचा, नाकावरची पकड सैल करायचा, पुन्हा घट्ट करायचा.

परतताना तिने नवा चष्मा पिशवीत टाकला आणि जुना लावला. समुद्र अगदी शांत होता. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती, तरी ती त्याचा दंड घट्ट धरून बसली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो तिच्याकडे बघत राहिला. ती मात्र लांब बघत होती, आभाळ टेकतं तिथे.

घरी आल्या आल्या त्याने खालचं दुकान उघडलं आणि नव्या काचा यंत्रावर धरल्या. पुन्हा धरल्या. मग दिवा बंद करून सावकाश जिना चढला.

ती स्वयंपाकघरात होती. पुढ्यात अर्धवट चिरलेली भाजी, सुरी बाजूला ठेवलेली. दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून उभी होती.

"काचांत काही चूक नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

तो दारातच थांबला.

"कधीपासून होतंय हे?"

"चष्म्याच्या आधीपासून. जिना हलायचा पायाखाली. वाटलं, नंबर वाढला असेल, म्हणून तर तुमच्यापुढे डोळे तपासायला बसले. नव्या चष्म्यानंही थांबेना, तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले." तिने डोक्याच्या मागे हात नेला. "गाठ आहे. अशा जागी आहे की काढता येणार नाही म्हणाले."

"एकटी गेलीस?"

तिने पुन्हा ओट्याची कड धरली.

"आणि मग बोटीनं कशाला जायचं होतं? वळसा घालून बस जाते की तिकडे!"

"बसमधून उतरून झोकांडी गेली असती तर पोरीनं लगेच ओळखलं असतं. बोटीतून उतरलेल्या माणसाला कोण विचारतं? एकदा डोळे भरून बघायचं होतं हो तिला. तिची सुटका होऊ दे नीट, मग सांगू."

बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला. तो जाऊन उचलेपर्यंत ती भिंतीला धरून दारापर्यंत आली.

"बाबा, पोचलात ना? आईची चक्कर थांबली का?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने काही खूण केली नाही.

"थांबेल. चष्म्याचंच होतं ते. काचा चुकल्या माझ्या."

"तुमच्या हातून?"

"वय झालं गं आता. नजर पूर्वीसारखी राहिली नाही."

"असं काय बोलता? मग दुरुस्त करून द्या ना तिला. आजच्या आज."

"हो," तो म्हणाला. "देतो."

फोन ठेवून त्याने स्टूल ओट्याजवळ ओढलं आणि तिला हाताला धरून त्यावर बसवलं.

"बस तू इथे," तो सुरी उचलत म्हणाला. "केवढे तुकडे करायचे, तेवढं सांग."

"बारीक करा," ती म्हणाली.

तो बारीक चिरत राहिला.