इंटरनेटचा अखंड पहारा

१९९९ साली आमच्या गावाला सरकारी अनुदानातून इंटरनेट मिळालं. अख्ख्या कोरेगाव तालुक्यात आमचाच नंबर पहिला, त्यामुळे सरपंच भाऊसोंची छाती एवढी फुगली की बंडीची बटणं लागेनात. पंचायतीत कॉम्प्युटर आला, नारळ फुटला, पेढे वाटले. साताऱ्याचे साहेब जाताना बजावून गेले, "वापरात खंड पडला तर पुढचं अनुदान बंद. मी न सांगता बघायला येईन."

आता खंड पडू न देणं आम्हाला कुणी शिकवायला नको. सप्ताहात आमच्या गावची वीणा खाली टेकत नाही, या गळ्यातून त्या गळ्यात जाते. भाऊसोंनी तीच पद्धत इंटरनेटला लावली. घरटी एक माणूस, पाळीपाळीनं. पाय धुऊन बसायचं आणि माऊसवरचा हात काढायचा नाही. पुढचा पहारेकरी आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, मगच हात बदलायचा. शिंक आली म्हणून नाथाजीचा हात सुटला, तर त्याला प्रायश्चित्त म्हणून नारळ फोडायला लावला. पडद्यावर काय चाललंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

घोटाळा एकच झाला. इंटरनेट यायचं फोनच्या तारेतून, आणि अख्ख्या गावात फोन तो एकच. म्हणजे दिवसभर एंगेज.

याचा खरा फटका बसला लीलाबाईला. तिचा विश्वजीत फौजेत, जम्मूकडे. तो दर रविवारी सकाळी पंचायतीत फोन करायचा. सुट्टीवर आला तेव्हा त्याला कराडची संयोगिता दाखवली होती. "इचार करून फोनवर सांगतो," म्हणून गडी गाडीत बसला तो बसलाच. इकडे कराडकरांचा निरोप आला, येत्या रविवारपर्यंत हो-नाही कळवा, आमच्याकडं दुसरं स्थळ आलंय. लीलाबाईचा तर त्या पोरीवर जीव जडला होता. ती सरळ पंचायतीत आली.

"भाऊसो, रविवारी घटकाभर बंद करा की. पोराचा फोन यायचा हाय."

"वयनी, नेमका तवाच सायेब आला तर? अनुदान बुडंल!"

"आन माझी सून बुडली तर?"

भाऊसोंनी घसा खाकरला आणि पहाऱ्यावरच्या माणसाला हात घट्ट धरायला सांगितलं. मला तर असा राग आला म्हणता! पण सरपंचाला तोंडावर बोलायची आपल्याकडं रीत नाही, आणि धमक तर त्याहून नाही.

रविवारी सकाळी लीलाबाईनं पाळी मागून घेतली. बाई ताळ्यावर आली, असं भाऊसोंना वाटलं. तिनं पाय धुतले, नाथाजीच्या पाया पडली, माऊसवर उजवा हात ठेवला आणि डाव्या हातानं तार उपसून फोनला जोडली. नेमके तेव्हाच दारात साताऱ्याचे साहेब!

भाऊसो मटकन खाली बसले. साहेब काही बोलणार, तोच फोन वाजला. लीलाबाईनं झडप घातली.

"आये, किती दिस फोन लागंना गं!" विश्वजीत एवढ्या मोठ्यानं ओरडत होता की सगळ्यांना ऐकू जात होतं.

"ते ऱ्हाऊ दे. व्हय का न्हाई, तेवढं सांग!"

"अगं, ठरलं की! गावाकडं लागंना म्हनून काल कराडला लावला, तर फोन तिनंच उचलला. लय येळ बोललो. तिच्या वडलांशी बी बोललो. मुहूर्त बी काढलाय. आज पाव्हनं तुला सांगायला येनार हायती."

साहेबांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या इंटरनेटमुळं लग्न जुळलं?"

भाऊसो टुणकन उठले. "व्हय सायेब! त्याबिगर पोरगं कशाला पोरीला फोन लावतंय?"

साहेब पोट धरून हसले. "असला वापर अख्ख्या जिल्ह्यात नाही. मंजूर!" पंचायतीत एकच जल्लोष झाला.

लीलाबाई मात्र फोन कानाला धरून तशीच उभी. डोळ्यांत पाणी.

"समदं तुमचं तुमी ठरिवलं व्हय रं? आन आईला पाव्हन्यांकडनं कळनार हुतं?"

पलीकडून फौजी हळूच म्हणाला, "चुकलं आये. तू इचार. मी आता सांगतो."

सगळी पंचायत जल्लोष सोडून फोनभोवती गोळा झाली. साहेबांनीसुद्धा हसू आवरलं. लीलाबाईनं पदर सावरला, घसा साफ केला.

"बाळा, पोरगी पसंत हाय का रं?"

"व्हय आये. पसंत हाय."

"मग आता ठरलं," लीलाबाई म्हणाली.